‘त्यानं काय दिसत न्हाई, मॅडम’

“मॅडम, बॉडीच होत न्हाई ओ.”

कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचं समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोर बसलेला मुलगा टी-शर्टच्या बाह्या खाली ओढायला लागला की पुढचं मला कळतं. पूर्वी ही मुलं पेनल्टी हुकली म्हणून यायची, निवड झाली नाही म्हणून यायची. आता दंड बारीक आहेत म्हणून येतात. आणि त्यांचे आईवडील विचारतात, जिमला पाठवावं का, पावडर द्यावी का, पोरगं आरशापुढून हलत नाही ते कशानं? या सगळ्यांसाठी सूरजची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. सांगायला त्याची आणि त्याच्या आईची परवानगी आहे.

सूरज सतरा वर्षांचा, बारावीत शिकणारा, तालमीच्या संघात राइट विंगला खेळणारा. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे फुटबॉलचे संघ पेठांमधल्या तालमींचे असतात. मोठा सामना असला की शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ लोटते. तिथे चांगला खेळला की पोरगं गल्लीतून ताठ मानेनं चालतं, आणि चुकलं की आठवडाभर बाहेर पडत नाही.

सूरज वर्षभर जिमला जात होता. छाती, दंड, खांदे. पुन्हा छाती, दंड, खांदे. वजन ६१ किलोवरून ६६ वर गेलं. आईला बरं वाटलं, “अंगात भरला.” कोचचं म्हणणं मात्र वेगळं होतं. वळताना वेळ लागतोय, शेवटच्या वीस मिनिटांत पाय उचलत नाही. त्यात एकाच हंगामात मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दोनदा खेचला गेला. “खेळात मन नाही,” असं सांगून कोचनी त्याला माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत त्यानं मोबाइलवर रोनाल्डोचा शर्ट काढलेला फोटो दाखवला. “असं पायजे.”

मी म्हटलं, “रोनाल्डो २००३ मध्ये अठराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला आला तेव्हा तुझ्यासारखाच शिडशिडीत होता. ते फोटो बघितलेस?”

“नंतर केलीच की बॉडी त्यानं.”

मग मी यादीच ऐकवली. मेस्सीची उंची १७० सेंटीमीटर. सुनील छेत्रीचीही तेवढीच, आणि भारतासाठी त्याचे ९० हून जास्त गोल. मॉड्रिच १७२ चा, २०१८ चा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याचा. त्याच वर्षी फ्रान्सला विश्वचषक जिंकून देणारा कान्ते तर या सगळ्यांत बुटका. सूरजला हे माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “त्यांचं वेगळं असतंय ओ मॅडम. ती मोठी माणसं.”

पालक आणि कोच नेमके इथेच अडकतात. उदाहरणं देऊन वाद जिंकता येतो, पण मुलाच्या आत काही हलत नाही. ज्याला आपण कमी पडतो असं वाटतंय, त्याला थोरांची यादी ऐकवली की तो यादीतूनही स्वतःला वगळतो. म्हणून मी यादी बाजूला ठेवली आणि साधं विचारलं, “फिजिओनं हॅमस्ट्रिंगसाठी व्यायाम दिलेत ना? करतोस?”

“न्हाई.”

“दुखतात?”

“न्हाई ओ.”

“मग?”

थोडा वेळ गेला. मग अगदी सहज म्हणाला, “त्यानं काय दिसत न्हाई, मॅडम.”

माझ्या कामात असं एखादं वाक्य येतं की बाकीचं सगळं त्याच्याभोवती गोळा होतं. अनुभवानं एवढं शिकवलंय की अशा वाक्यावर लगेच बोलायचं नाही. मी थांबले, आणि मग एवढंच विचारलं, “कुणाला दिसत नाही?”

तो खाली बघत राहिला. नखानं खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन उकरत होता. मग सांगितलं. आदल्या हंगामात कॉर्नरपाशी बॉल घेऊन निघाला होता. समोरच्या दांडग्या बॅकनं, म्हणजे बचावपटूनं, खांदा दिला आणि हा रेषेबाहेर जाऊन पडला. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, “ए काडी, दगड बांध की खिशात, उडशील!” आजूबाजूचे हसले. दुसऱ्या दिवशी सूरजनं जिमची फी भरली.

“ओरडणारा कोण होता?”

“काय म्हाईत.”

“दिसायला कसा होता?”

“बघितलाच न्हाई. मान वर केलीच न्हाई मी.”

हे बोलता बोलता तो स्वतःच थबकला. वर्षभराची अंडी, पावडर, पहाटेचा गजर, आरशातले फोटो, सगळं एका अशा माणसासाठी चाललं होतं, ज्याचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं. मी काही बोलले नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं बाहीनं पुसलं आणि म्हणाला, “म्हणजे मी त्याच्यासाठी करालोय की काय हे?”

या प्रश्नाचं श्रेय त्याचंच. तो त्याला स्वतःला पडेपर्यंत वाट बघितली, एवढं मात्र माझं, आणि त्याचं मला समाधान आहे.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांच्या वाटेनं काम करते, हे माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक आहे. एलिसचं सांगणं मला आजही सगळ्यांत उपयोगी वाटतं: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. सूरज त्या दिवशी खांद्याच्या धक्क्यानं पडला, ही घटना. ती तपासता येते, सुधारता येते. पण त्यानं निकाल लावला तो ‘मी काडी आहे’ असा, आणि त्या निकालावर इलाज म्हणून दंड वाढवत राहिला. मूळ घटनेकडे कुणी बघितलंच नव्हतं.

मग आम्ही बघितलं. एका मित्रानं तो सामना मोबाइलवर टिपला होता. मी सूरजला म्हटलं, मला फुटबॉलमधलं तुझ्याइतकं कळत नाही, तूच सांग काय झालं. त्यानं तेवढा तुकडा परत परत चालवला. बॅक येत होता तेव्हा सूरजचे गुडघे ताठ, दोन्ही पाय जवळजवळ, नजर खाली बॉलवर. धक्का बसला तो एका पायावर असताना. “वाकलोच न्हाई की,” तो म्हणाला. “आधी मागं टेकायला पायजे होतं त्याला. तो यायच्या आत.” यात दंडाचा कुठे संबंधच आला नव्हता.

मग मी त्याला आणखी एक विचारलं. आरशात तू काय काय बघतोस? छाती, दंड, पोट. आणि पळतोस कशावर? त्यानं हात मागे नेला. माणूस वेगानं धावतो तो मुख्यतः नितंब, हॅमस्ट्रिंग आणि पोटऱ्यांच्या जोरावर, आणि हे सगळं पाठच्या बाजूला. आरशापुढे उभं राहिलं तर यातलं काही दिसत नाही. खेळाला हवी ती ताकद त्याच्या नजरेआड होती, म्हणून तिचा व्यायामही नजरेआड झाला होता, आणि दोनदा खेचला गेला तो नेमका तिथलाच स्नायू.

फिजिओचा व्यायाम त्यानं माझ्या खोलीतच करून दाखवला, अर्थात फिजिओला विचारून. गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि कंबर न मोडता सावकाश पुढे झुकत जायचं. नॉर्डिक म्हणतात त्याला. मी घोटे धरले. छातीवर साठ किलो उचलणारा हा पोरगा थोडासाच झुकला आणि धाडकन हातांवर आला. “आयला!” म्हणून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “परत धरा.” हॅमस्ट्रिंगच्या दुखापती कमी करायला याचा मोठा उपयोग होतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय.

पालकांनी दोन गोष्टी समजून घ्याव्यात. ताकद वाढली की स्नायू फुगलाच पाहिजे असं नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेमुळे, कारण आहे तोच स्नायू मेंदू जास्त चांगला वापरायला लागतो. आणि फुटबॉलमध्ये ताकद नुसती असून भागत नाही, ती झटक्यात यावी लागते. जोरात धावताना पाऊल जमिनीला टेकतं ते सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं, आणि पायाचा पूर्ण जोर लागायला त्याच्या तिपटीहून जास्त वेळ जातो. संपूर्ण सामन्यात दहाएक किलोमीटर पळणं होतं. त्या पळण्याला उपयोगी नसलेलं वजन कमरेच्या वर चढवणं म्हणजे खांद्यावर पिठाची पिशवी घेऊन सामना खेळणं.

हे कोल्हापुरात सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. आमच्या तालमींनी जोर-बैठकांवर पोसलेली अंगं पाहिलीत. इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं ते ५७ किलो गटात. अंग कशासाठी कमवायचं हे या मातीला चांगलं ठाऊक होतं.

सूरजनं जिम सोडली नाही, आणि मी सोडायला सांगितलंही नाही. कोच आणि फिजिओनं मिळून बैठका, एका पायावरचे व्यायाम, उड्या, जांघेचे व्यायाम असं वेळापत्रक करून दिलं. वरच्या अंगाचे व्यायामही ठेवले, पण थोडे. सराव सुरू करण्याआधी फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ वॉर्मअप, वीस मिनिटांचा, बॉल सोडला तर कसलंही साहित्य न लागणारा. माझ्याकडून एकच काम होतं. वजन आणि दंडाचं माप लिहायच्या वहीत आता शरीरानं आज काय केलं ते लिहायचं. पहिल्या पानावर त्यानं लिहिलं, “बॅकला पाठीवर घेतलं. बॉल सोडला न्हाई.” आरशाची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. ती जाईल सावकाश.

जिमला पाठवावं का, तर जरूर पाठवा. पण काय करायचं ते फुटबॉल कळणाऱ्या माणसाला ठरवू द्या. घरात थट्टेनंही ‘काडी’, ‘हाडकुळा’ म्हणू नका. वाढीच्या वयात अंडी, दूध, डाळ-भात, मटण आणि पुरेशी झोप यांवर बहुतेकांचं भागतं. पावडरीचं डॉक्टरांना विचारून ठरवा. जिममधल्या कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या सुचवल्या तर तिथून मुलाला त्याच दिवशी बाहेर काढा. स्टेरॉइड्समुळे वाढत्या वयात हाडांची वाढ अकाली थांबू शकते, आणि यकृत, हृदय, संप्रेरकं यांना धोका असतो तो वेगळाच.

आणि मुलगा चांगला भरलेला असूनही स्वतःला किडकिडीत म्हणत असेल, जिम चुकू नये म्हणून सामना, परीक्षा, घरचं लग्न टाळत असेल, उन्हाळ्यातही अंग झाकत असेल, दिवसाचे तास आरशात जात असतील, तर ते वयाचं खूळ म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या आजाराचं वर्णन केलं. ‘मसल डिसमॉर्फिया’ म्हणतात त्याला. त्यावर उपचार आहेत, आणि त्यासाठी मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला हवं.