बारा आण्यांचं शीड

कोथरूडहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, सोबत एक्सेल शीट आणि सतरा फोटो. मजकूर थोडक्यात असा: वय ४७, नोकरी आयटीत, हातात महिना १ लाख ६५ हजार. पत्नी शिक्षिका, त्यांचा पगार ४८ हजार. गृहकर्ज २२ लाख बाकी, हप्ता ३८,५००. मुलगी अकरावीत. म्युच्युअल फंडात ३१ लाख, त्यातले १४ लाख मुलीच्या शिक्षणासाठी. एफडीत ४ लाख. आणि मांडव्याच्या बाजूला मुरिंगवर (पाण्यात कायम टाकलेल्या नांगराच्या बोयावर) बांधलेली २६ फुटी, साधारण १९८८ सालची फायबरची शिडाची होडी. २०२२ मध्ये मित्राबरोबर निम्म्या-निम्म्यात ४ लाखांना घेतली. मित्र बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा वाटा यांनी १ लाखाला घेतला. आता होडी एकदाची 'नव्यासारखी' करून घ्यायची आहे, कोटेशन १० लाख ७० हजारांचं. ६ लाख फंड मोडून आणि ४ लाख ७० हजार पर्सनल लोन काढून, १२ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. करू का?

तुम्ही लिहिलंय की नौदलाचे दिलीप दोंदे 'म्हादेई' ही शिडाची होडी घेऊन २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून हे वेड डोक्यात आहे. वेड चांगलं आहे. पण म्हादेई गोव्यात नवी कोरी बांधलेली होती आणि तिच्यामागे नौदल उभं होतं. तुमच्या होडीमागे हिंजवडीतला एक पगार उभा आहे.

आधी एक हिशेब, जो तुमच्या शीटमध्ये नाही. मुरिंग, राखणदार, दोनदा क्रेन, पावसाळ्यात जमिनीवरची जागा, तळाचा रंग, विमा हे सगळं मिळून महिना १४ हजार पडतात असं तुम्हीच लिहिलंय. वर्षाचे झाले १ लाख ६८ हजार. गेल्या मोसमात, म्हणजे ऑक्टोबर ते मे, तुम्ही अकरा वेळा होडी बाहेर काढलीत. म्हणजे एका फेरीला सव्वापंधरा हजार, त्यात पुणे-मांडवा जाऊन-येऊन तीनेकशे किलोमीटरचं डिझेल आणि वडखळचा वडापाव धरलेला नाही. आता १० लाख ७० हजार दहा वर्षांवर पसरा. फेरी जाते पंचवीस हजारांवर. हौसेला मोल नाही म्हणतात ते ठीक, पण तुमच्या हौसेला हप्ता लागणार आहे: महिना सुमारे १२,४००, आणि चार वर्षांत व्याजाचेच सव्वा लाख.

हे सगळं होऊन होडी विकायला काढली तर किती येतील? 'पाच-सहा लाख', तुमचाच आकडा. तुमचे आतापर्यंत गेलेत ३ लाख, वर हे १०.७. याला आपल्याकडे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात. शिवाय आयकरात वैयक्तिक वापराची अशी जंगम वस्तू भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे विकताना झालेला तोटा फंडातल्या नफ्यातून वजा करण्याचीही सोय नाही. होडीला गुंतवणूक म्हणणं आजपासून बंद करा. पत्रात तो शब्द तीनदा आलाय.

तरीही 'विकून टाका' असं मी सांगणार नाही. का, ते कोटेशनकडे बघितल्यावर कळेल.

मी पाण्यातला माणूस नाही. माझी शिडांची ओळख खडकवासल्याच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) होड्यांपुरती. पण माझे एक क्लायंट नौदलातून निवृत्त झालेत. काही वर्षांपूर्वी ते एक जुनी होडी बघायला निघाले आणि पैशांचं बघायला म्हणून मला घेऊन गेले. होडी जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेकवर वीतभर अंतराने ठोकत चालले. टण, टण, टण, आणि डोलकाठीपाशी एकदम बद्द. पुन्हा बद्द. मालकाला विचारून त्यांनी तिथे बारीक भोक पाडलं. आतून तपकिरी पाणी आलं आणि मग चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी. तो चोथा म्हणजे बाल्सा. अशा डेकमध्ये फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये हे हलकं लाकूड भरलेलं असतं. रेलिंगच्या, क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) स्क्रूंभोवतीचं सील म्हातारं झालं की पाणी तिथून आत शिरतं आणि वर्षानुवर्षं आतच राहतं. वरून रंग छान दिसतो. त्यांनी ती होडी घेतली नाही. परतताना मला म्हणाले, रंगाचे पैसे मी देत नाही.

तुमचं कोटेशन हातात घेतलं तेव्हा तेच आठवलं. नवी शिडं २.१ लाख, चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा), ऑटोपायलट आणि एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) मिळून १.५, इंजिन १.४, गाद्या ७० हजार, बाहेरचा रंग ९० हजार. हे झाले ६ लाख ६० हजार, सगळे दिसणाऱ्या गोष्टींवर. डेकच्या मऊ पडलेल्या भागाला १.६ लाख, तळावरच्या फोडांना १.३, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांना १.२. आणि पाण्याखालच्या व्हॉल्व्हना शून्य. लाइफ जॅकेटनाही शून्य.

ते व्हॉल्व्ह बघा. होडीच्या तळाला पाणी आत-बाहेर करायला भोकं असतात, त्यांवर हे पितळी किंवा ब्राँझचे नळ. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि नळ बाहेरून धड दिसत असताना आतून ठिसूळ होतो. एक तुटला तर होडी मुरिंगवरच बुडते, मंगळवारी दुपारी, तुम्ही मीटिंगमध्ये असताना. ४० हजारांत सगळे बदलून होतील असं तुम्ही दुसऱ्या पानावर कंसात लिहिलंय आणि पुढे 'नंतर बघू'. नंतर नाही, हे पहिलं.

तारांचंही तसंच. फोटो क्रमांक ९ मध्ये खालच्या जोडापाशी एक धागा तुटून वर आलेला स्पष्ट दिसतोय. स्टेनलेस असलं तरी जोडाच्या आत, जिथे हवा पोचत नाही तिथे, ते गंजतं. दहा-पंधरा वर्षांनी तारा बदलायच्या असतात आणि तुमच्या कधी बदलल्या ते कुणालाच माहीत नाही. तार गेली की डोलकाठी जाते, मग नव्या शिडांचं काय करणार? तारा ज्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्याही उघडून बघायला सांगा.

फोड राहू द्या. जेलकोटखाली, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराखाली, पाणी मुरून आलेले छोटे फोड दिसायला वाईट, पण त्यांनी होडी सहसा बुडत नाही. ते नीट करायचे तर तळ आधी महिनोन् महिने सुकवावा लागतो, आणि कोकणातल्या जून-जुलैत पापडसुद्धा सुकत नाही. ओल्या तळावर पुट्टी मारून वर रंग लावला तर तुमचे १.३ लाख दोन मोसमांत पुन्हा फोड होऊन वर येतील.

तर डेक १.६, तारा १.२, व्हॉल्व्ह ०.४, एकूण ३ लाख २० हजार. त्यावर ८० हजार जास्तीचे बाजूला. नारायण पेठेत आमच्या जुन्या वाड्याची एक भिंत मिस्त्रीने 'फक्त गिलावा' म्हणून ६० हजारांत घेतली होती. गिलावा पाडला तर आत वाळवी, शेवटी बिल पावणेदोन लाख. डेकचंही उघडल्याशिवाय कळत नाही. इंजिन जुनं आहे पण चालतंय, त्याची नीट सर्व्हिसिंग आणि चार लाइफ जॅकेट महिन्याच्या खर्चातून होतील. बाकी सगळं पुढे.

हे ४ लाख आणायचे कुठून? एप्रिलअखेर येणाऱ्या बोनसमधले २ लाख, आणि फंडातले २ लाख, मुलीच्या १४ लाखांना हात न लावता. एका आर्थिक वर्षात इक्विटी फंडाच्या सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. तुमच्या फोलिओवरून २ लाख काढताना नफा साधारण ८० हजार येतो, म्हणजे या वर्षी दुसरं काही विकलं नाही तर कर शून्य. मूळ बेताप्रमाणे ६ लाख काढले असते तर नफा २.४ लाख, कर सुमारे १५ हजार. आणि तेच ६ लाख ११ वर्षं १० टक्क्यांनी वाढले असं धरलं, तर तुमच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी १७ लाख होतात. एफडी तशीच ठेवा. कर्ज तर नकोच.

दुसरी अट भागीदाराची. १ लाख ६८ हजारांचा वार्षिक खर्च एकट्याने उचलायला तुमचा पगार पुरेल, पण मुलगी इंजिनिअरिंगला गेल्यावर तो टोचायला लागेल. पुन्हा निम्म्याचा भागीदार शोधा आणि या वेळी स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या: कुणी किती द्यायचे, कुणाचे कोणते शनिवार-रविवार, आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरणार. गेल्या वेळी ती १ लाख ठरली कारण मित्र घाईत होता. पुढच्या वेळी घाईत तुम्ही असाल. पुढच्या मार्चपर्यंत भागीदार मिळाला नाही, किंवा फेऱ्या पुन्हा अकराच झाल्या, तर दुरुस्त झालेली होडी विकायला काढा. बद्द वाजणाऱ्या डेकपेक्षा टणटणीत डेकची होडी लवकर जाते.

पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: 'लोनबद्दल घरी अजून बोललेलो नाही.' दोन पगारांचं घर आहे. तुमच्या कोटेशनला मी चार लाखांवर आणलंय, ते चारही पत्नीला आधी सांगा, आणि फोटो क्रमांक ९ दाखवूनच सांगा. गाद्यांचे नमुने दाखवू नका.

आता वेळेचं. होडी दरवर्षी मेअखेर वर घेता, या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्याची क्रेन बघा, म्हणजे डेक पावसाआधी उघडून बंद करता येईल. यार्डवाल्याकडे पक्की शेड नसेल तर जूनमध्ये डेक उघडूच देऊ नका. कोटेशनमध्ये नुसतं 'रेझिन' लिहिलंय, तिथे 'इपॉक्सी' असं लिहून घ्या, कारण पस्तीस-चाळीस वर्षं जुन्या फायबरवर ते पॉलिएस्टर रेझिनपेक्षा चांगलं धरतं. मेच्या उकाड्यात ते भांड्यातच तापून घट्ट होतं, म्हणून सावकाश सेट होणारं हार्डनर मागवायला सांगा. आणि अ‍ॅडव्हान्स एकतृतीयांशाहून जास्त नको. पुढचा हप्ता डेक उघडून आत काय निघालं त्याचे फोटो आल्यावर.