पिकअप ट्रकचे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल बिघडल्यास ते स्वतः बदलता येते का?

बदलता येते, मात्र मॉड्यूल, म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, खरोखरच बिघडले आहे याची खात्री आधी करून घ्यावी, कारण गिअर अडकणे किंवा गाडी एकाच गिअरमध्ये चालत राहणे ही लक्षणे कमजोर बॅटरी, गंजलेले अर्थिंग किंवा कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी यांमुळेही दिसू शकतात. गाडीतील दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७०० हा कोड आला, तर त्याचा अर्थ ट्रान्समिशनच्या नियंत्रणात दोष नोंदला गेला आहे एवढाच होतो. यू०१०१ हा कोड मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचे सांगतो, पण तो तुटलेल्या वायरमुळेही येतो. म्हणून मॉड्यूलच्या कनेक्टरवर वीजपुरवठा आणि अर्थिंग मल्टिमीटरने तपासावे. माझ्या मते, हीच पायरी टाळल्याने अनेक चांगली मॉड्यूल विनाकारण बदलली जातात.

प्रत्यक्ष बदलताना बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून ठेवावे आणि जुन्याशी तंतोतंत जुळणाऱ्या पार्ट नंबरचेच मॉड्यूल घ्यावे. काही गाड्यांत ते गिअरबॉक्सच्या आतच असते. तिथे ऑइल काढावे लागत असल्याने हे काम जाणकाराकडे सोपवणे बरे. बहुतेक आधुनिक गाड्यांत नव्या मॉड्यूलमध्ये त्या गाडीचे सॉफ्टवेअर आणि चॅसिस क्रमांक भरावा लागतो, त्यानंतर गिअर बदलण्याचे रीलर्निंगही, म्हणजे मॉड्यूलला गिअर बदलणे नव्याने शिकवण्याची प्रक्रिया, करावे लागते.