दशावतारी मालकाची वही कशी वाचावी

आजोबांच्या पेटाऱ्यात सापडलेल्या वहीत खेळांच्या नोंदी थोड्या आणि उचल, गहाण, कापड, तांदूळ यांच्याच नोंदी जास्त आहेत, तेव्हा आजोबा दशावतारी मंडळाचे मालक होते की सावकार, असे आपण विचारले आहे. माझे मत असे, की जो मालक सावकारी करू शकत नव्हता त्याचे मंडळ दुसऱ्या हंगामापर्यंत टिकत नसे. कुडाळ-वेंगुर्ले भागातल्या एका मंडळाचा जमाखर्च मी काही हंगाम लिहीत असे. त्या कीर्दीतही हीच खाती सर्वांत जाड होती.

याचे कारण आपल्याकडच्या हंगामात आहे. जत्रा सुरू होतात कार्तिकात आणि मिरग (मृग नक्षत्र) लागण्याआधी पोशाखांचा पेटारा घरी परततो. मधल्या पावसाळ्यात नटाच्या हाताला काम म्हणजे शेतातली लावणी, आणि घरात तांदूळ संपलेला. अशा वेळी तो मालकाच्या दारात येतो, आणि मालक त्याला जे पैसे देतो ती उचल. पुढच्या हंगामात नाइटीमागे, म्हणजे नटाच्या एका रात्रीच्या खेळाच्या मजुरीतून, थोडी थोडी ती कापून घेतली जाते; पण हंगाम संपेपर्यंत पूर्ण फिटली असे क्वचितच घडते, आणि न फिटलेली बाकी हीच त्या नटाला त्याच मंडळात बांधून ठेवते. चांगला राजा किंवा चांगली स्त्रीपार्टी दुसऱ्या मालकाला हवी असेल, तर त्याने आधीच्या मालकाची बाकी भरून नट सोडवून न्यायचा, हा व्यवहार सगळ्यांना ठाऊक असे. जत्रेच्या खेळाला तिकीट नसते. देवस्थानाकडून किंवा मानकऱ्यांकडून ठरलेली रक्कम, एखाद्याच्या नवसाचा खेळ आणि प्रेक्षकांतून येणारे बक्षीस एवढीच जमेची बाजू असते, आणि तीही खेळ झाल्यावर. खर्च मात्र महिनोन्महिने आधी सुरू झालेला असतो.

ही रीत फक्त आपल्या मातीतली आहे असेही नाही. लंडनमध्ये फिलिप हेन्स्लो नावाचा कापड रंगवण्याच्या धंद्यातून वर आलेला गृहस्थ होता. आपल्या धन्याच्या विधवेशी लग्न करून त्याच्या हाती भांडवल आले, आणि १५८७ मध्ये त्याने थेम्स नदीच्या दक्षिण काठावर ‘रोझ’ नावाचे नाट्यगृह बांधले. त्याची हिशेबाची वही आजही शाबूत आहे, आणि तिच्यातील नाटकधंद्याच्या नोंदी १५९२ ते १६०३ या काळातल्या आहेत. गंमत म्हणजे ती वही मुळात त्याच्या भावाने लोखंडाच्या धंद्यासाठी उघडली होती. कोऱ्या राहिलेल्या पानांवर याने आपला हिशेब चालू ठेवला. आपल्या वहीत भाताच्या खंडाचा हिशेब आणि जत्रांची यादी एकाच पानावर आहे म्हणून आपण बुचकळ्यात पडला आहात, पण कागद कोणीच वाया घालवत नसे.

हेन्स्लोच्या वहीतली एक नोंद मला फार बोलकी वाटते. टॉमस हेवूड या लेखकाला एका संपूर्ण नाटकाचे ६ पौंड मिळाले, आणि त्याच नाटकातल्या नायिकेसाठी काळ्या मखमलीचा जो झगा घेतला त्याला ६ पौंड १३ शिलिंग पडले. लेखकापेक्षा कापड महाग! दशावतारात लेखकच नाही. नट तोंड रंगवायच्या आधी मालक त्यांना कथानक सांगतो आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात, म्हणून आपल्या वहीत लेखनाचे खाते सापडणार नाही. पण शालू, किरीट, भुजबंद, पायघोळ अंगरखे यांची खाती जरूर पाहा, कारण मंडळाचे खरे भांडवल पेटाऱ्यात असे आणि अडीअडचणीला गहाणही तेच पडे.

हेन्स्लोने टॉमस डेकर या नाटककाराला कर्जाच्या तुरुंगातून सोडवायला पैसे भरले आहेत, तसेच नटांकडून केवळ आपल्याच नाट्यगृहात खेळण्याचे करारही लिहून घेतले आहेत. पुढे १६१५ च्या सुमारास नटांनी त्याच्याविरुद्ध लेखी गाऱ्हाणे मांडले, आणि त्यात त्याच्या तोंडी घातलेले म्हणणे असे, की ही मंडळी माझ्या कर्जातून मोकळी झाली तर माझ्या मुठीत राहणार नाहीत. हे आरोप करणाऱ्यांचे शब्द आहेत, हे लक्षात ठेवूनच वाचावे. तरीही तुरुंगातून सोडवणारा आणि कर्जात अडकवणारा हात एकच होता, यात शंका नाही. माझा कल त्याला निव्वळ पिळवणूक करणारा ठरवण्याकडे नाही. प्लेगमुळे नाट्यगृहे महिनोन्महिने बंद राहात, आणि त्या काळात पैसे द्यायला दुसरे कोण होते?

मराठी रंगभूमीवर याची दुसरी बाजू दिसते. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक उभे केले ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. १८५१ मध्ये आश्रयदाता गेला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले, १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकिटावर खेळ करावे लागले. दरबाराची जागा तिकिटाच्या गल्ल्याने घेतली, पण पावसाळा आणि भटारखाना तसाच राहिला. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोन्ही भागीदार बाहेर पडले, आणि उंची साड्या, अत्तरे, पंगती यांच्या खर्चाला लगाम घालणारा कोणी उरला नाही. १९२१ मध्ये केशवराव भोसल्यांसह त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला संयुक्त खेळ गाजला, पण त्याच काळात मंडळीवरचे कर्ज लाखांच्या घरात गेले होते. तिथे मालकच सर्वांत मोठा नट होता. त्याला ‘नको’ म्हणणार कोण?

आता आपल्या वहीकडे येतो. प्रथम एकाच नटाचे नाव ओळीने किती हंगाम येते आणि त्याची बाकी वाढते की घटते, ते वेगळ्या कागदावर उतरवून काढा. बाकी दरवर्षी वाढत असेल आणि सही किंवा अंगठा एकाच हंगामाचा असेल, तर तो नट अडकलेला होता असे मानायला हरकत नाही. उलट ‘माफ’, ‘सोडले’, ‘लग्नास दिले’ अशा नोंदी आढळल्या, तर त्या नीट टिपून ठेवा, कारण पैसा परत येणार नाही हे ठाऊक असूनही लिहिलेली नोंद मालकाच्या स्वभावाबद्दल बरेच सांगते. मालकाने स्वतः कोणाकडून पैसे घेतले, याचीही पाने शोधा. वाणी, कापडवाला, सोनार यांची देणी नटांकडून येणे असलेल्या रकमेपेक्षा मोठी निघाली, तर आजोबाही कोणाच्या तरी वहीत अडकलेले असणार. आणि वहीची पाने ओली असतील तर उन्हात मुळीच घालू नका, सावलीत वाऱ्यावर वाळवा; शाई उडाली की हा सारा हिशेब परत मांडता येणार नाही.