हप्ता परवडत नाही, म्हणून कामगारांचा विमा बंद करू का?

प्रश्न : ताई, रुग्णालयांना चादरी आणि गाऊन शिवून देण्याचा माझा लहानसा कारखाना आहे. 34 कामगार आहेत. मंदीमुळे ऑर्डरी घटल्या आणि दोन रुग्णालयांकडे पाच-पाच महिन्यांची बिलं अडकली आहेत. त्यातच कामगारांच्या गटविम्याचा हप्ता वाढून आला. सगळा बाजार थंडावलेला असताना उपचारच कसे महागतात? विमा बंद करू, की उपचारखर्चाचा काही वाटा कामगारांवर टाकू?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझं जुनं टेबल आठवलं. एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात मी 22 वर्षं काढली. एका वाईट वर्षी हातमोजे पुरवणारे एक गृहस्थ दर सोमवारी यायचे आणि तेच बिल माझ्यासमोर ठेवायचे. घड्या पडून पडून तो कागद कापडासारखा मऊ झाला होता. मी दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचे. विमा कंपन्यांकडे क्लेम अडकलेले, रुग्णांची बिलं अर्धवट भरलेली. पगार, वीज, ऑक्सिजन यांना थांबवता येत नव्हतं. त्या गृहस्थांना थांबवता येत होतं, म्हणून थांबवलं. ते बरोबर नव्हतं, असं मला आजही वाटतं.

आता महागाईचं. वॉर्डातल्या वीस खाटांपैकी नऊ रिकाम्या असल्या तरी रात्रपाळीची नर्स लागतेच. मंदीत लोक पुढे ढकलता येण्याजोगी ऑपरेशनं ढकलतात, आणि रुग्णालयाचा गाडा बऱ्याचदा त्यांच्याच उत्पन्नावर चालतो. अपघात आणि हृदयविकार मात्र थांबत नाहीत. खर्च तेवढाच राहतो, भरणारे कमी होतात. याखाली आणखी एक जुनं कारण आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये ते संगीत-नाट्यासारख्या कलांच्या अर्थकारणातून मांडलं. चार वादकांची रचना वाजवायला पूर्वीही चारच माणसं लागत, आजही चारच लागतात. पण इतर धंद्यांत यंत्रांमुळे पगार वाढतात, तसे त्या वादकांचेही वाढवावे लागतात. जखम बांधणाऱ्या हातांचंही तसंच. तुमच्याकडे नवं मशीन आलं की त्याच माणसाकडून दुप्पट गाऊन शिवून होतात. नर्सला दुप्पट रुग्ण दिले, तर त्यांची निगा निम्मी होते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त थांबणार आहे, कारण इथे चूक झाली तर ती माणसाच्या अंगावर येते. अमेरिकेत 1974 ते 1982 या काळात रँड या संशोधन संस्थेने एक मोठा प्रयोग केला. काही कुटुंबांना उपचार मोफत दिले, काहींना खर्चाचा कमी-जास्त वाटा उचलायला लावला. वाटा उचलणाऱ्यांनी उपचार कमी घेतले, पैसा वाचला. पण लोकांनी नुसते अनावश्यक उपचार सोडले नाहीत, गरजेचेही तितक्याच प्रमाणात सोडले. बहुतेकांच्या तब्येतीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. मात्र गरीब आणि आधीच रक्तदाब असलेल्या लोकांचा रक्तदाब मोफत उपचारांत जास्त ताब्यात राहिला.

हे मी आमच्याच खिडकीवर पाहिलंय. एक बाई सात कप्प्यांची गोळ्यांची डबी घेऊन आली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या गोळ्या तशाच. ‘एक दिवसाआड घेते, महिनाभराच्या दोन महिने पुरतात,’ म्हणाली. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या त्या. काही महिन्यांनी तिचा मुलगा आला तो अतिदक्षता विभागाचं बिल विचारायला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : विमा बंद करू नका. हप्ता कमी करायचाच असेल, तर दाखल होण्याचं संरक्षण आणि रक्तदाब-मधुमेहासारख्या रोजच्या औषधांची सोय असेल तर ती, या दोन्हींना हात लावू नका. किरकोळ तपासण्यांचा वाटा कामगारांवर टाका, पण एका कुटुंबाने वर्षाला जास्तीत जास्त किती भरायचं याची मर्यादा लेखी ठरवा. मर्यादा नसलेला वाटा म्हणजे सगळ्यात आजारी माणसावर लावलेला कर. हे ठरवण्याआधी सगळ्या कामगारांना एकत्र बसवा आणि हप्त्याचा कागद त्यांच्यासमोर ठेवा.

आणि खरी गळती तुमच्या थकबाकीत आहे. ग्रीसमध्ये सरकारी रुग्णालयांच्या पुरवठादारांची जुनी देणी 2010 मध्ये रोख न देता सरकारी रोख्यांनी, म्हणजे पैसे पुढे देण्याच्या लेखी हमीने, भागवली. 2012 मध्ये सरकारच्या कर्जाची फेररचना झाली तेव्हा त्या रोख्यांची दर्शनी किंमत निम्म्याहून जास्त कापली गेली. उशिरा येणारा पैसा पुरा येईलच, हे धरून चालू नका. दोन्ही रुग्णालयांकडून थकबाकीच्या हप्त्यांच्या तारखा लिहून घ्या आणि उधारीची हद्द ठरवा. ती ओलांडली की पुढचा माल रोखीने. बिल घेऊन खरेदी विभागात बसू नका, थेट हिशेब प्रमुखाला भेटा. दर महिन्याला कुणाला किती द्यायचं, ती यादी तिथे बनते. अनेक वर्षं ती मीच बनवत होते. तारीख लिहून घेतलेल्या माणसाचं नाव मला खाली सरकवता येत नसे.