कार्टाहेनात स्वस्तात राहायचं कुठे?

प्रश्न: ताई, फेब्रुवारीत मैत्रिणीबरोबर कोलंबियातल्या कार्टाहेनाला जातेय, पण तटबंदीच्या आतली हॉटेलं परवडत नाहीत, काय करू? – एक वाचक, दादर

उत्तर: अगं, खेत्सेमानी ही वस्ती बघ! शहर १५३३ सालचं, १९८४ पासून युनेस्कोच्या यादीत, त्यामुळे आतले जुने वाडे महागच असणार, पण खेत्सेमानी त्या जुन्या भागाला अगदी खेटून आहे, चालत जाता येतं आणि हॉस्टेलं भरपूर, डॉर्ममधली कॉट घेतली की निम्मं टेन्शन गेलं. फक्त तिथल्या त्रिनिदाद चौकात रात्री गाणीबजावणी चालते, म्हणून रूम दोन गल्ल्या लांब घे. बोकाग्रांदे या दुसऱ्या भागात बीच आहे पण सगळे टॉवरच, मला नाही आवडत. आणि एसी आहे ना हे विचारूनच बुकिंग कर, बाराही महिने उकाडा असतो गं. ख्रिसमसला रेट चढतात, ते टाळलंस हे छान केलंस.