प्लॅनर ठेवला, आता त्याच्याकडून काय मागायचं?

लग्नाच्या तयारीबद्दल येणाऱ्या प्रश्नांमध्ये मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्लॅनर ठेवण्याचा निर्णय लोक घेतात, पण ठेवल्यावर त्याच्याकडून हक्कानं काय मागायचं आणि काय मागू नये, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मी स्वतः या व्यवसायात बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा आतल्या बाजूनं जे दिसतं ते सांगते.

हॉलचा मॅनेजर म्हणतो, ‘सगळं आम्हीच बघतो.’ मग वेगळा प्लॅनर हवाच का?

हॉलचा मॅनेजर हॉलचं बघतो. खुर्च्या, दिवे, साफसफाई, जेवण हॉलकडूनच असेल तर जेवण. हे तो मनापासून करतो, पण त्याचा पगार हॉल देतो. फोटोग्राफर वाटेत अडकला, पाहुण्यांची बस मागच्या गेटला जाऊन थांबली, ऐनवेळी कपड्याची शिवण उसवली, यातलं काहीच त्याच्या कामात बसत नाही. प्लॅनरला पैसे तुम्ही देता, म्हणून तो तुमच्या बाजूनं उभा राहतो. फरक एवढाच आहे, पण त्या दिवशी तो फार मोठा वाटतो.

तरीही प्रत्येकानं प्लॅनर ठेवावाच, असं मी म्हणणार नाही. एकाच ठिकाणी एकच कार्यक्रम असेल, पाहुणे मोजके असतील आणि घरात दोन शांत डोक्याची, हाताला वेळ असलेली माणसं असतील, तर ते पैसे वाचवा. कार्यक्रम दोन-तीन दिवस चालणार असेल, तुम्ही दुसऱ्या शहरात राहत असाल किंवा लग्न मोकळ्या मैदानावर असेल, तर मात्र विचार करा. मैदानावर तयार असं काहीच नसतं. वीज, पाणी, स्वच्छतागृहं, पार्किंग, रात्रीचा उजेड, सगळं बाहेरून आणावं लागतं. स्वयंपाकाची आणि साउंडची वीज एकाच जनरेटरवर घेतली आणि लोड आधी मोजला नाही, तर ऐन कार्यक्रमात अंधार होतो. हा हिशेब नातेवाइकांवर टाकण्याजोगा नाही.

आम्ही दोन प्लॅनरना भेटलो. एक ठरावीक रक्कम मागतो, दुसरा एकूण खर्चाच्या १५ टक्के. कोणता बरा? आणि प्लॅनरमुळे खर्च खरंच वाचतो का?

दोन्ही पद्धती सर्रास चालतात. काही जण तासाच्या हिशेबानंही घेतात, पण ते बहुतेक नुसत्या सल्ल्यासाठी. टक्केवारीत एक अडचण असते: तुमचा खर्च वाढला की प्लॅनरची कमाईही वाढते. टक्केवारी घेणारे सगळेच लबाड असतात, असं मुळीच नाही. पण ‘थोडी अजून सजावट करू या’ हा सल्ला तुमच्यासाठी आहे की बिलासाठी, ही शंका मनात राहते, आणि शंका घेऊन सहा महिने एकत्र काम करणं अवघड जातं. माझा कल ठरावीक रकमेकडे आहे. मात्र त्या रकमेत किती कार्यक्रम, किती भेटी आणि किती माणसं धरली आहेत, ते लिहून घ्या. नाहीतर ‘हे वेगळं’, ‘ते वेगळं’ करत ती रक्कमही फुगते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे कमिशनची. डेकोरेटर, केटरर, फोटोग्राफर यांच्यापैकी काही जण काम मिळवून देणाऱ्या प्लॅनरला कमिशन देतात. पहिल्याच भेटीत सरळ विचारा: ‘तुम्ही सुचवलेल्या कुणाकडून तुम्हाला पैसे मिळतात का?’ विचारायला संकोच वाटू देऊ नका. ‘हो, मिळतात, आणि ते मी तुमच्या फीमधून वजा करतो’ हे उत्तर चालेल. ‘नाही, जी सूट मिळेल ती तुमची’ हेही चालेल. विषय बदलला गेला, तर तेच तुमचं उत्तर समजा. पुढे मूळ कोटेशन स्वतः पाहायला मागा, बिलं स्वतःच्या नावानं घ्या आणि शक्य तिथे ज्याचे पैसे त्याला थेट द्या.

कोटेशनची तुलना करताना नुसता शेवटचा आकडा पाहू नका. एकानं वाहतूक आणि दुसऱ्या दिवशीची आवराआवर धरलेली असते, दुसऱ्यानं नसते. ठरलेली वेळ उलटली तर तासाला किती जादा, हे हॉल, साउंड आणि फोटोग्राफर या तिघांनाही विचारलेलं असावं. ही तुलना एका कागदावर मांडून देणं प्लॅनरचं काम आहे, ते हक्कानं मागा. आणि ठरवलेल्या खर्चातला किमान १० टक्के भाग कशालाही न लावता बाजूला ठेवा. चांगला प्लॅनर हे स्वतःच सुचवतो.

खर्च वाचेल का? कधी वाचतो, कधी नाही. तेवढ्यासाठी प्लॅनर ठेवू नका.

ताई, माझी आई प्लॅनरला एक सांगते, सासूबाई दुसरं सांगतात आणि काका परस्पर केटररला फोन करतात. प्लॅनर सगळ्यांनाच ‘हो’ म्हणतो. मी काय करू?

तुझा प्लॅनर चुकतोय, हे आधी सांगते. सगळ्यांना ‘हो’ म्हणणं सोपं असतं, आणि त्याची किंमत लग्नाच्या दिवशी चुकवावी लागते. मी स्वतः ती चुकवली आहे. व्यवसायात नवी होते तेव्हाची गोष्ट. पाहुण्यांचा आकडा मला घरच्यांनी ३०० सांगितला, मी तो हॉलला कळवला. नंतर घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी केटररला थेट ३५० सांगितले. आकडा वाढला होता हे खरंच होतं, पण मला कुणी कळवलं नाही, आणि मी शेवटच्या आठवड्यात दोन्हीकडचे आकडे ताडूनही पाहिले नाहीत. जेवण ३५० जणांचं आणि खुर्च्या ३००. भिंतीला टेकून, हातात ताट धरून उभी असलेली म्हातारी माणसं मला अजून आठवतात. कुणी माझ्यावर ओरडलं नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून माझ्याकडे पाहुण्यांचा आकडा एकाच कागदावर असतो. त्यावर तारीख असते, आणि आकडा बदलला की नवा कागद त्याच दिवशी सगळ्यांना जातो.

तू असं कर. दोन्ही घरांतून एकेका माणसाचं नाव ठरवा. बोलायचं सगळ्यांनी, पण शेवटचा शब्द या दोघांचा. प्लॅनरनं केटररला, डेकोरेटरला स्पष्ट कळवायचं की या दोघांखेरीज कुणाच्या फोनवर काहीही बदलायचं नाही. काकांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याकडे एक पूर्ण जबाबदारी सोपवा, उदाहरणार्थ बाहेरगावच्या पाहुण्यांची ने-आण. त्यातले निर्णय सर्वस्वी त्यांचे. मदत करू पाहणाऱ्या माणसाला नुसतं बाजूला बसवलं की तो दुसऱ्या वाटेनं मदत करतोच.

एक मात्र लक्षात ठेव: दोन घरांतला मतभेद मिटवणं हे प्लॅनरचं काम नाही. तो दोन पर्याय, दोन्हींचा खर्च आणि निर्णयाची शेवटची तारीख समोर ठेवेल. निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे.

तयारी आम्हीच करणार आहोत. फक्त लग्नाच्या दिवसापुरता कुणी मिळेल का?

मिळेल, पण ‘फक्त त्या दिवसापुरता’ असं काम नसतं. जो माणूस त्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच तुमचा हॉल पाहणार आहे, त्याला घेऊ नका. हे काम निदान चार ते सहा आठवडे आधी सुरू व्हायला हवं. तुम्ही केलेले सगळे करार तो वाचतो, प्रत्येकाला स्वतः फोन करतो, जागा पाहून येतो आणि मग वेळापत्रक बनवतो.

ते वेळापत्रक कसं असतं ते सांगते, कारण प्लॅनरची पारख तिथेच होते. माझ्या कागदावर पाच रकाने असतात: वेळ, काय, कुठे, जबाबदार कोण, त्याचा फोन. मुख्य वेळ आधी लिहायची आणि तिथून मागे मागे यायचं. मेकअप एका व्यक्तीला ४५ मिनिटं आणि तयार होणाऱ्या सहा जणी, म्हणजे एका मेकअप आर्टिस्टला साडेचार तास. मग एक तर पहाटे सुरुवात करा, नाहीतर दोन आर्टिस्ट घ्या. हे गणित महिनाभर आधी कळलं तर प्रश्न सुटतो. त्या दिवशी कळलं तर सगळा दिवस मागे पडतो.

कुटुंबाच्या फोटोंचंही तसंच. लोक म्हणतात, ‘दहा मिनिटांत आटपू.’ १४ गट असतील आणि माणसं गोळा करून, उभी करून प्रत्येक गटाला तीन मिनिटं लागली, तरी ४२ मिनिटं होतात. तेवढा वेळ बाकीचे पाहुणे जेवणाकडे बघत थांबतात. म्हणून गटांची यादी आधी लिहा, आणि दोन्हीकडची तोंडं ओळखणारा, खणखणीत आवाजाचा एक नातेवाईक फोटोग्राफरजवळ उभा करा. प्लॅनरला कामं येतात, पण तुमची मावशी कोणती ते त्याला माहीत नसतं.

करारात नेमकं काय असावं?

सगळ्यात आधी, त्या दिवशी प्रत्यक्ष कोण हजर राहणार त्याचं नाव. पहिल्या भेटीला अनुभवी मालक येतो आणि लग्नाला दोन नवखी मुलं, हे फार वेळा घडतं. तो आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हेही लिहा. किती माणसं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. लग्न पुढे ढकललं तर भरलेले पैसे नव्या तारखेला धरणार का, रद्द झालं तर किती परत. फी हप्त्यांनी द्या आणि एक हप्ता कार्यक्रम झाल्यानंतरचा ठेवा. तुमचे फोटो त्याच्या जाहिरातीत तुम्हाला विचारल्याशिवाय वापरायचे नाहीत, हे वाक्य बहुतेक लोक विसरतात. जो करार करायलाच तयार नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

आमचा प्लॅनर मेसेजला दोन-दोन दिवस उत्तर देत नाही. हे चालतं का?

ज्या दिवशी त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचं लग्न आहे, त्या दिवशी उत्तर येणार नाही. तुमच्या लग्नाच्या दिवशी तोही इतरांचे फोन घेणार नाही, तेव्हा तेवढं समजून घ्या. एरवी कामाच्या दिवसांत २४ तासांत उत्तर, एवढं ठरवून घ्या. अजून विसार दिलेला नसेल आणि आत्ताच हे चाललं असेल, तर दुसरा पाहा. काम मिळवायचं असताना माणूस जेवढा तत्पर असतो, तेवढा नंतर राहत नाही.

लग्न मोकळ्यावर आहे. पाऊस आला तर काय, असं विचारलं तर प्लॅनर म्हणतो, ‘काळजी करू नका.’

हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. पाऊस त्याच्या हातात नाही, पण पर्याय त्याच्या हातात आहे. त्याला तीन गोष्टी विचारा: छताखालची जागा कोणती आणि ती आपल्या नावानं राखून ठेवली आहे का, तिथे सगळे पाहुणे बसतात का, आणि तिकडे हलायचं हे कोण, किती वाजता ठरवणार. तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक. मंडप उभा करायला, साउंड आणि दिवे हलवायला काही तास लागतात, म्हणून आभाळ भरून येईपर्यंत वाट पाहून चालत नाही. ही वेळ बहुधा आदल्या दिवशीच येते, आणि तेव्हा कदाचित ऊन पडलेलं असेल. घरातले सगळे म्हणतील, थोडं थांबू या. त्या क्षणी ज्याचा शब्द चालेल त्याचं नाव आणि ती वेळ आजच वेळापत्रकात लिहून घ्या.