रबरातले 'क्रॉसलिंक' मराठीत कसे लिहावेत?

प्रश्न असा आला आहे: रबराविषयीचा एक लेख मराठीत आणताना 'क्रॉसलिंकिंग'ला, म्हणजे रबराच्या लांब रेणूसाखळ्या एकमेकींना जोडण्याला, 'गंधकीकरण' म्हटलं तर चालेल का? आणि 'दोन रबरं एकजीव झाली, गंधकीकरण वाढलं की मिश्रणाची मजबुती वाढते' हे वाक्य बरोबर आहे का?

'गंधकीकरण' नको. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक मिसळून तापवलेलं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होत नाही असं आढळलं, तेव्हापासून गंधक आणि रबर ही जोडी डोक्यात पक्की बसली आहे. पण सिलिकोन रबर बहुधा पेरॉक्साइडने किंवा प्लॅटिनमच्या साहाय्याने जोडतात, निओप्रीन हे कृत्रिम रबर जस्त आणि मॅग्नेशियमच्या ऑक्साइडने. तिथे गंधकाची गरजच नाही. रबराच्या साखळ्या अशा जोडण्याच्या प्रक्रियेचं 'व्हल्कनायझेशन' हे नाव व्हल्कन या रोमन अग्निदेवावरून आलं, त्यातही गंधक नाही. ते प्रक्रियेचं नाव म्हणून तसंच ठेवावं. 'क्रॉसलिंक' म्हणजे त्या प्रक्रियेत दोन लांब साखळ्यांमध्ये तयार होणारा रासायनिक बंध. काही जण त्याला 'तिर्यक् बंध' म्हणतात, पण तिर्यक् म्हणजे तिरपा, आणि इथे तिरपेपणाचा काही संबंध नाही. मी सरळ 'आडवा बंध' लिहीन, आणि त्यांच्या दाटीला 'बंधघनता'.

खरी अडचण 'मजबुती'त आहे. हा एक शब्द तीन-चार वेगळे गुण गिळून टाकतो. बंधघनता वाढते तसा ताठरपणा वाढत जातो आणि ताणण्याची क्षमता घटत जाते. ताणबल (तुटण्याआधी पेलता येणारा ताण) आणि फाटण्याला होणारा विरोध मात्र आधी वाढतात, एका टप्प्यावर कळस गाठतात आणि मग उतरतात, कारण बंधांमधले साखळीचे तुकडे इतके आखूड होतात की ताण वाटून घ्यायला त्यांना वावच उरत नाही. शंभर भाग रबरात तीसेक भाग गंधक गेलं की एबोनाइट हे कडक रबर होतं. फाउंटन पेनाची जुनी कांडी आठवा: टणक आहे, पण रबरासारखी ताणत नाही.

आता 'एकजीव'. बहुतेक रबरं एकमेकांत विरघळत नाहीत. रबर मळायच्या गिरणीत कितीही मळली तरी सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे वेगवेगळे भाग दिसतात. नैसर्गिक रबराच्या साखळीत प्रत्येक आयसोप्रीन घटकामागे (साखळीच्या प्रत्येक कडीमागे) एक दुहेरी बंध असतो, आणि गंधक त्याच्याच आसपास जोडलं जातं; ईपीडीएम या कृत्रिम रबरात ते बंध फार थोडे. त्यामुळे दोन्ही मिसळून गंधक घातलं की गंधक आणि त्वरक (जोडणीचा वेग वाढवणारी रसायनं) नैसर्गिक रबराकडे ओढले जातात आणि तिथेच भराभर खर्ची पडतात. एक भाग गरजेपेक्षा जास्त बांधला जातो, दुसरा कच्चा राहतो, आणि दोघांच्या सीमेवर पुरेसे बंध होत नाहीत. सरासरी बंधघनता हिशेबात बरोबर दिसते, तरी तुकडा त्या सीमेवरून लवकर फाटतो. म्हणून मिश्रणाबद्दल लिहिताना बंध किती, याच्याइतकंच ते कुठे, हेही सांगावं लागतं. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि भाषांतरात नेमका तोच गळतो.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'मिश्रणातल्या दोन्ही रबरांत आणि त्यांच्या सीमेवर आडवे बंध पुरेसे झाले, तर एका मर्यादेपर्यंत ताणबल वाढतं, त्यापुढे ताठरपणा वाढत राहतो, ताणबल घटतं.'